‘फुंका’ म्हणू नका

स्पायरोमेट्री, म्हणजे नळीतून श्वास सोडायला लावून फुप्फुसाची हवा मोजायची तपासणी, करताना सगळ्यात मोठा घोळ एक साधा शब्द घालतो, ‘फुंका’. फुंकर दिव्यावर मारतात, जखमेवर घालतात, बासरीत भरतात. तिन्ही वेळा ओठांचा चंबू होतो, गाल फुगतात आणि हवा बारीक धारेनं बाहेर येते. फुप्फुसाच्या तपासणीत हवं असतं ते नेमकं उलट. दात नळीवर टेकलेले, ओठ नळीभोवती घट्ट, जीभ नळीच्या खाली, घसा सताड उघडा आणि छातीत भरलेली हवा भस्सकन बाहेर, एका दमात, पार तळ लागेपर्यंत. ‘फुंका’ ऐकल्यावर माणूस मनापासून फुंकतो आणि मनापासून चुकीचा आलेख देतो. ‘श्वास जोरात सोडा’, ‘हवा बाहेर फेका’ असं म्हटलं तर निम्मं काम तिथेच होतं.

रक्ततपासणीत माणूस हात पुढे करतो आणि त्याचं काम संपतं. इथे तसं नाही. मशीन फक्त नळीतून गेलेली हवा मोजतं. छाती पूर्ण भरली होती का, जोर लावला का, मधेच सोडून दिलं का, हे तीन ओळींच्या आकड्यांत कळत नाही, आलेखात कळतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी आलेख बघायचा, मग आकडे. आलेखच छापलेला नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच समजावा.

तीन आकडे आणि एक फसगत

एफव्हीसी म्हणजे छाती काठोकाठ भरून घेतल्यावर जोरात बाहेर काढता येते ती एकूण हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. एफईव्ही-१ ला एफव्हीसीनं भागलं की गुणोत्तर मिळतं. दमा किंवा सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारात श्वासनलिका अरुंद होतात, तेव्हा पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या मानानं जास्त घटते आणि गुणोत्तर खाली येतं. रिपोर्टवर याला ‘ऑब्स्ट्रक्शन’ म्हणतात. फुप्फुसच आक्रसलं असेल, छातीचा पिंजरा कडक झाला असेल किंवा श्वासाचे स्नायू दुबळे असतील तर दोन्ही आकडे जोडीनं उतरतात आणि गुणोत्तर शाबूत राहतं. हे ‘रिस्ट्रिक्शन’.

गंमत अशी की पहिली जवळजवळ १०० वर्षं फक्त एकूण हवाच मोजली जात होती. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरनं पाण्यात तरंगणाऱ्या घंटेचं स्पायरोमीटर १८४६ मध्ये मांडलं आणि ‘व्हायटल कपॅसिटी’ हा शब्द रूढ केला. त्यात घड्याळाला जागा नव्हती. किती हवा हे कळायचं, किती वेगानं हे नाही. पहिल्या सेकंदाचं महत्त्व १९४७ मध्ये फ्रान्समध्ये टिफनो आणि पिनेली यांनी दाखवलं आणि मग कुठे दम्याचा माणूस आकड्यात पकडता येऊ लागला.

आता फसगत. समजा एखाद्याची खरी एफव्हीसी ३.६० लिटर आहे आणि एफईव्ही-१ २.१६ लिटर. गुणोत्तर ०.६०. मोठ्यांसाठीची ढोबळ रेषा ०.७०, म्हणजे हे उघड ऑब्स्ट्रक्शन. पण तिसऱ्या सेकंदाला दम लागला म्हणून त्यानं श्वास सोडणं थांबवलं आणि एफव्हीसी २.९० नोंदली गेली. पहिला सेकंद नीट झाला होता, त्यामुळे एफईव्ही-१ तीच राहिली. गुणोत्तर झालं ०.७४. ऑब्स्ट्रक्शन कागदावरून नाहीसं झालं आणि ‘एफव्हीसी कमी, गुणोत्तर ठीक’ म्हणून रिस्ट्रिक्शनचा संशय लिहिला गेला. एका अर्धवट श्वासानं आजाराचं नाव बदललं. वाईट म्हणजे ही चूक ज्यांच्या श्वासनलिका अरुंद आहेत त्यांच्याकडूनच जास्त होते, कारण त्यांची शेवटची हवा झिरपत झिरपत येते आणि त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ सोडत राहावं लागतं.

तसंही नुसत्या स्पायरोमेट्रीवर रिस्ट्रिक्शन पक्कं करता येत नाही. सगळं सोडून झाल्यावरही फुप्फुसात काही हवा उरतेच आणि ती या नळीला दिसत नाही. तिच्यासाठी वेगळी तपासणी आहे, ती पुढे येईल.

माणूस येण्याआधी मशीन

रोज सकाळी ३ लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज, म्हणजे ठरावीक हवा ढकलणारी मोठी पिचकारी, जोडून मशीनचं मोजमाप तपासायचं. एकदा दट्ट्या ढकलला आणि आकडा जुळला, एवढ्यानं भागत नाही. हळू, मध्यम आणि झपकन अशा तीन वेगांनी ढकलायचं, साधारण ६ सेकंदांपासून अर्ध्या सेकंदापर्यंत. तिन्ही वेळा उत्तर २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत हवं. तीन वेग अशासाठी की कित्येक सेन्सर जोरदार झोताला बरोबर असतात आणि मंद झोताला कमी मोजतात. टर्बाइनच्या पात्यात एखादा केस किंवा धागा अडकला की नेमकं हेच होतं, आणि मंद झोत म्हणजेच तर आजारी फुप्फुसाचा शेवटचा भाग. रुग्णासाठी फिल्टर लावणार असाल तर कॅलिब्रेशनही फिल्टर लावूनच करायचं, कारण त्याचाही थोडा अडथळा होतो. सिरिंज मशीनशेजारीच ठेवायची, म्हणजे दोघांचं तापमान एक राहतं.

तापमानाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. छातीतली हवा ३७ अंशांची आणि दमट असते. बाहेर आल्यावर ती थंड होऊन आकुंचन पावते. म्हणून मशीन मोजलेल्या आकड्याला एका गुणकानं गुणतं. खोली २० अंशांवर असेल तर तो सुमारे १.१०, ३० अंशांवर असेल तर सुमारे १.०४५. सेन्सर तापमान स्वतः घेत नसेल आणि कुणी जुनंच तापमान तसंच ठेवलं, तर १० अंशांच्या फरकानं ५ टक्क्यांहून जास्त चूक होते. ३.६० लिटरमागे ती जवळजवळ २०० मिलिलिटर भरते, म्हणजे औषधाचा गुण आला की नाही हे ठरवायला पुरेल इतकी.

झोत मोजणारी मशीन दर वेळी सुरुवातीला शून्य ठरवून घेतात. त्या दोन-तीन सेकंदांत सेन्सर हलवला, पंख्याचा वारा लागला किंवा माणसानं नळी आधीच तोंडात धरून श्वास घेतला तर शून्यच चुकतं. मग श्वास संपल्यावरही मशीनला वाटतं की हवा चालूच आहे. आकारमानाची रेघ, म्हणजे वेळेबरोबर एकूण किती हवा बाहेर आली ते दाखवणारी, सपाट व्हायच्या ऐवजी तिरपी वर चढत राहते आणि एफव्हीसी अवास्तव मोठी येते. असा आलेख दिसला तर रुग्णाला दोष देऊ नये. नळी खाली ठेवून शून्य पुन्हा घ्यावं.

उंची, वय आणि इनहेलर

‘तुमचे अपेक्षित आकडे’ हे वय, उंची आणि जन्मवेळचं लिंग यांवरून निघतात. वजनाचा त्यात वाटा नाही. उंची विचारायची नाही, मोजायची. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर. १६० सेंटिमीटरच्या माणसाची उंची १६५ लिहिली तर अपेक्षित एफव्हीसी सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि निरोगी माणूस काठावर जाऊन बसतो. मुलांच्या बाबतीत जुन्या कार्डावरची उंची तर कधीच चालत नाही. दर खेपेला नव्यानं मोजायची. वयही ‘७ पूर्ण’ असं न घेता जन्मतारखेवरून दशांशात घ्यायचं. पाठीला बाक असेल किंवा उभं राहता येत नसेल तर दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजतात आणि त्यावरून उंचीचा अंदाज घेतात.

तपासणीआधी तासभर धूम्रपान आणि दमछाक होईल असा व्यायाम नको, पट्टा-कॉलर सैल हवी. कवळी घट्ट बसत असेल तर काढायची नाही, कारण ती काढली की ओठांना आधार राहत नाही आणि कडेनं हवा गळते. सैल कवळी मात्र काढून ठेवावी.

निदानासाठी तपासणी असेल तर इनहेलर थांबवावे लागतात. साल्ब्युटामॉलसारखे झटपट काम करणारे ४ ते ६ तास आधी, इप्राट्रोपियम १२ तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असलेले २४ तास, दिवसातून एकदाच घ्यायचे लांब पल्ल्याचे ३६ तास, टायोट्रोपियमच्या जातीचे ३६ ते ४८ तास. चालू औषधांचा परिणाम बघायचा असेल तर उलट काहीच थांबवायचं नाही. यातलं काय हवं ते चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी आधी सांगायला हवं, कारण टेबलावर बसल्यावर ‘सकाळी दोन पफ घेतलेत’ हे कळून उपयोग नसतो. आणि मधेच धाप लागली तर औषध घ्यायचं, तपासणी नंतर होईल. काय घेतलं आणि किती वाजता, हे मात्र रिपोर्टवर लिहून घ्यावं.

काही जणांची ही तपासणी पुढे ढकलावी लागते. जोरात श्वास सोडताना छातीत, पोटात, डोक्यात आणि डोळ्यांत दाब वाढतो. त्यामुळे गेल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याचं, सायनसचं किंवा मधल्या कानाचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला नसेल, छाती, पोट किंवा मेंदूच्या ऑपरेशनला चार आठवडे झाले नसतील, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा क्षयाची लागण पसरण्याची शक्यता असेल, तर घाई करू नये.

श्वास कसा सोडवून घ्यायचा

हात असलेली, चाकं नसलेली खुर्ची. पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, नाकाला क्लिप. उभं राहूनही करता येतं, पण चक्कर येण्याची शक्यता असल्यानं बसवलेलं बरं. कसं ते आधी करून दाखवायचं, नळी हातात धरून, स्वतःचा चेहरा लाल होईपर्यंत. तोंडी सूचनांनी जे दहा मिनिटांत कळत नाही ते एकदा बघून कळतं.

मग क्रम असा. पूर्ण श्वास आत, ‘अजून घ्या, अजून थोडा’. छाती भरल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू द्यायचं नाही. रोखून धरलेल्या श्वासाचा जोर ओसरतो. लगेच ‘सोडा!’ आणि हा शब्द खरोखर ओरडायचा असतो. त्यानंतर आवाज खाली आणायचा, पण थांबवायचा नाही: ‘चालू ठेवा, चालू ठेवा, येतंय अजून, दाबत राहा’. सगळी हवा संपली की नळी तोंडात तशीच ठेवून ‘आता पुन्हा पूर्ण आत’.

पूर्वी मोठ्यांनी किमान ६ सेकंद आणि १० वर्षांखालच्या मुलांनी ३ सेकंद श्वास सोडावा असा नियम होता. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या २०१९ च्या मानकात तो गेला. आता बघतात ते रेघ सपाट झाली का, म्हणजे शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा आली का. तरुण मुलगी चार सेकंदांत रिकामी होऊ शकते, तर सीओपीडीच्या आजोबांचं १५ सेकंदांनंतरही चालूच असतं. १५ झाले की त्यांना तिथे थांबवायला हरकत नाही. तरीही ‘सहा सेकंद झाले, बास’ ही सवय बऱ्याच ठिकाणी हाडीमासी खिळलेली आहे.

आलेखातले डाग

बहुतेक चुकांची आलेखात ठरलेली खूण असते. एकदा ओळख पटली की दुरूनही दिसते.

सुरुवात अडखळली तर झोताच्या, म्हणजे हवेच्या वेगाच्या, आलेखाचं टोक उजवीकडे सरकतं आणि बोथट होतं. मशीन सर्वांत उभ्या चढाची रेघ मागे ओढून ‘शून्य क्षण’ ठरवतं आणि त्याच्या आधी निसटलेली हवा मोजतं. ती १०० मिलिलिटर किंवा एफव्हीसीच्या ५ टक्के, यांतलं जे मोठं असेल त्याच्या आत हवी. नसेल तर तो श्वास बाद, त्यातली एफईव्ही-१ सुद्धा बाद.

खोकला आला तर आलेखाला करवतीचे दाते पडतात. पहिल्या सेकंदात पडले तर एफईव्ही-१ गेली; नंतर पडले तर ती वापरता येते.

घसा मधेच आवळला गेला तर झोत एकदम शून्यावर येतो. आकारमानाची रेघ तेव्हाही सपाटच दिसते आणि नवखा माणूस ‘छान, पठार आलं’ म्हणून खूश होतो. फरक कोपऱ्यात आहे. खरं पठार हळूहळू वळत येतं, आवळलेल्या घशाचं पठार कोन करून येतं. मागे सांगितलेली २.९० लिटरची फसगत अशाही वाटेनं होते. उपाय म्हणजे ‘जोर’ शब्द पहिल्या सेकंदापुरताच ठेवायचा, कारण शेवटपर्यंत जोर लावायला सांगितलं की घसा आवळतोच.

नाकाला क्लिप नसेल तर काही जण नकळत मधेच नाकातून श्वास घेतात आणि तोही बाहेर सोडतात. आकारमानाच्या रेघेला पायरी पडते आणि एफव्हीसी फुकटात वाढते.

यातला सगळ्यात लबाड दोष मात्र वेगळाच आहे: छाती पूर्ण न भरताच सुरुवात करणं. आलेख देखणा येतो, टोक अणकुचीदार, शेवट गुळगुळीत, फक्त सगळंच लहान. दोन्ही आकडे जोडीनं खाली येतात आणि रिस्ट्रिक्शन दिसतं. हा दोष बाहेर जाणाऱ्या श्वासात सापडत नाही, आत येणाऱ्यात सापडतो. शेवटी ‘पुन्हा पूर्ण आत’ सांगतो ते यासाठीच. आत घेतलेली हवा बाहेर सोडलेल्या हवेपेक्षा १०० मिलिलिटर किंवा ५ टक्के, यांतलं जे मोठं असेल त्याहून जास्त भरली, तर छाती सुरुवातीला भरलीच नव्हती. शेवटचा श्वास घेऊनच न देणाऱ्या ठिकाणी ही चूक कधी कळतच नाही.

शिवाय एक उलटा प्रकार. थोडा कमी जोर लावला तर काही वेळा एफईव्ही-१ किंचित जास्त येते, कारण छातीतली हवा कमी दाबली जाते. म्हणून नुसता मोठा आकडा बघून श्वास निवडू नये. टोक अणकुचीदार आहे ना, हे बघून निवडावा.

असे किमान तीन चांगले श्वास हवेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एफईव्ही-१ मधला फरक १५० मिलिलिटरच्या आत हवा; एफव्हीसीचंही तसंच. २.४१, २.३८ आणि २.१० आले तर चालतं, कारण वरच्या दोघांत ३० मिलिलिटरचाच फरक आहे. रिपोर्टवर सर्वांत मोठी एफईव्ही-१ आणि सर्वांत मोठी एफव्हीसी जाते, मग ती वेगवेगळ्या श्वासांतली का असेना. मोठ्या माणसाला आठपेक्षा जास्त वेळा करायला लावण्यात अर्थ नाही. एफईव्ही-१ दर वेळी उतरत चालली आणि पहिलीच्या ८० टक्क्यांखाली गेली तर थांबायचं. श्वास सोडण्यानंच श्वासनलिका आवळत आहेत. रिपोर्टच्या कोपऱ्यात ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत जी श्रेणी असते ती आजाराची नसून तपासणीच्या दर्जाची असते. पाहणारे बहुतेक जण उलट समजतात.

मुलं

तीन वर्षांच्या मुलालाही हे जमू शकतं, पण त्याच्या अटी वेगळ्या. छोटं फुप्फुस काही वेळा एका सेकंदाच्या आतच रिकामं होतं. मग पहिल्या सेकंदाचा आकडा म्हणजेच एकूण हवा आणि गुणोत्तराला अर्थ उरत नाही. अशा मुलांत पाऊण सेकंदाचा किंवा अर्ध्या सेकंदाचा आकडा घेतात. सहा वर्षांपर्यंत दोन श्वासांमधला फरक १०० मिलिलिटर किंवा १० टक्के, यांतलं जे मोठं असेल तेवढा चालतो. क्लिप लावू देत नसेल तर हट्ट धरू नये. आधी नुसती पुठ्ठ्याची नळी हातात देऊन खेळू द्यावं, मशीन मागाहून.

पडद्यावरच्या मेणबत्त्या विझवायचा खेळ सगळीकडे असतो आणि तो अर्धाच उपयोगी आहे. मेणबत्त्या पहिल्या झटक्यात विझतात, मूल जिंकतं आणि थांबतं. टोक सुरेख मिळतं, शेवट मिळत नाही. त्यानंतर असा खेळ लावावा ज्यात शेवटपर्यंत सोडत राहिलं तरच काहीतरी पोचतं किंवा फुगतं. आणि इथेही शब्द जपायचे. ‘फुंक’ म्हटलं की मूल वाढदिवसाचा केक आठवून गाल फुगवतं. ‘ढकल, ढकल, अजून ढकल’ बरं पडतं. एकावेळी एकानंच बोलायचं. आई, बाबा आणि तंत्रज्ञ तिघं मिळून ओरडू लागले की मूल नळी चावत बघत बसतं. पंधरा मिनिटांत जमलं नाही तर आजचा दिवस सोडून द्यावा. रडणाऱ्या मुलाचा आलेख कुणाच्या कामाचा नाही.

निरोगी मुलाचं गुणोत्तर ०.९० च्या आसपास असतं. त्यामुळे मोठ्यांच्या सीओपीडीसाठी वापरला जाणारा ०.७० चा ठोकताळा मुलांना लावला तर दम्याचं मूल बिनधास्त ‘नॉर्मल’ ठरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दमा असलेल्या मुलाची स्पायरोमेट्री बरं असतानाच्या दिवसांत अगदी सरळ येऊ शकते. तेवढ्यावरून दमा नाही असं म्हणता येत नाही.

जोर लावणं जमतच नसेल तर ऑसिलोमेट्री आहे. मूल नळीतून नेहमीसारखा शांत श्वास घेत राहतं आणि मशीन त्यावर ५ हर्ट्झपासून वरच्या कंपनांच्या बारीक लहरी सोडून नलिकांचा अडथळा मोजतं. १२ वर्षांखाली १६ सेकंद, मोठ्यांत ३० सेकंद, असं तीनदा. यात एकच गोष्ट सांभाळायची: गाल दोन्ही तळव्यांनी धरून ठेवायचे. सैल गाल लहरी गिळतात आणि अडथळा खोटा दिसतो.

औषध देऊन पुन्हा

पहिले श्वास झाल्यावर साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ स्पेसरमधून (इनहेलर आणि तोंड यांच्यामधला पोकळ डबा), एकेक करून, मधे अर्धा मिनिट सोडून द्यायचे. मग १० ते १५ मिनिटं घड्याळ लावून थांबायचं आणि सगळं पुन्हा करायचं, त्याच अटींनी. पाचव्या मिनिटाला घाईनं घेतलेला श्वास औषधाची परीक्षा नीट घेत नाही.

गुण आला असं कधी म्हणायचं, याचा नियम अलीकडे बदलला. पूर्वी मूळ आकड्यापेक्षा १२ टक्के आणि शिवाय २०० मिलिलिटर वाढ लागायची. आता एफईव्ही-१ किंवा एफव्हीसी अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढली तर गुण धरतात. मूळ आकड्याऐवजी अपेक्षित आकडा घेण्याचं कारण हिशेबात दिसतं. एखाद्याची एफईव्ही-१ ०.८० लिटरवरून ०.९६ झाली तर वाढ २० टक्के वाटते, पण अपेक्षित २.४० असेल तर ती ७ टक्केसुद्धा नाही. मूळ आकडा जितका लहान तितकी टक्केवारी फुगते. उलट, १.७० अपेक्षित असलेल्या मुलाचे १.४० वरून १.५८ झाले, तर जुन्या २०० मिलिलिटरच्या अटीत ते बसलं नसतं. नव्या हिशेबात १०.६ टक्के होतात आणि बसतं.

‘अपेक्षिताच्या ८० टक्के म्हणजे नॉर्मल’ हा ठोकताळाही आता मागे पडला आहे. त्याऐवजी झेड-स्कोर बघतात, म्हणजे आकडा निरोगी लोकांच्या सरासरीपासून किती दूर आहे ते. उणे १.६४५ च्या खाली निरोगी लोकांतले फक्त ५ टक्के असतात, म्हणून ती रेषा. म्हाताऱ्या माणसात ८० टक्क्यांच्या खालचा आकडाही या रेषेच्या वर असू शकतो. तीच गोष्ट ०.७० च्या गुणोत्तराची: वयानुसार गुणोत्तर आपोआप उतरतं, त्यामुळे हा ठोकताळा वयस्कांत नसलेला आजार दाखवतो आणि तरुणांत असलेला लपवतो.

बाकीच्या तपासण्या, थोडक्यात

उरलेली हवा मोजायला काचेची बंद पेटी लागते, बॉडी प्लेथिस्मोग्राफ. झडप बंद असताना गाल धरून हलके धापल्यासारखं करायचं. दाब आणि आकारमान यांच्या बॉइलच्या नियमावरून आत किती हवा आहे ते निघतं. रिस्ट्रिक्शन अशा तपासणीतच पक्कं होतं.

डीएलसीओ नावाच्या तपासणीत वायू फुप्फुसातून रक्तात किती सहज उतरतो ते बघतात. अगदी थोडा, ०.३ टक्के, कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा पूर्ण आत घ्यायची, १० सेकंद रोखायची, सोडायची. दोन प्रयत्नांत किमान ४ मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर आधीचा वायू छातीतच असतो. हिमोग्लोबिनचा आकडा सोबत न्यावा. रक्त कमी असेल तर फुप्फुस चांगलं असूनही आकडा पडतो. त्या दिवशी सिगारेट ओढली असेल तरी पडतो, कारण रक्तात कार्बन मोनॉक्साइड आधीच असतो.

घरचं पीक फ्लो मीटर मात्र वेगळ्या जातीचं. ते फक्त झटक्याचा सर्वाधिक वेग मोजतं, तिथे शेवटपर्यंत सोडायची गरज नाही. उभं राहून, काटा शून्यावर आणून, बोट काट्याच्या वाटेत येऊ न देता तीनदा करायचं आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी नव्हे. जीभ पुढे आणून थुंकल्यासारखा झटका दिला तर आकडा खोटा वाढतो. मुलं ही युक्ती फार लवकर शोधून काढतात.

जुने रिपोर्ट आलेखासकट जपून ठेवावेत. वर्षभरानं एफईव्ही-१ मध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ मोजणीतल्या चढउताराचा असू शकतो. मधे मशीन बदललं असेल, किंवा एका वेळी इनहेलर घेऊन आणि एका वेळी न घेता तपासलं असेल, तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करूच नये.